अठ्ठ्याऐंशी वर्षं न वापरलेली सनद : सेरामपूर कॉलेजचं प्रकरण

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याकडे आधी नगर जिल्ह्यातलं उसाचं श्रीरामपूर डोळ्यांसमोर येतं, जिथल्या स्टेशनवर नाव दिसतं बेलापूर. हे प्रकरण त्या गावाचं नाही. हे श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीच्या पश्चिम काठावरचं. हावड्याहून लोकलनं अर्ध्या-पाऊण तासात तिथं पोचता येतं. समोरच्या काठावर बराकपूर. इंग्रजीच्या वाटेनं आलेलं सेरामपूर हेच नाव आपल्या ख्रिस्ती मंडळींत रुळलेलं आहे, म्हणून पुढं तेच वापरतो.

पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. पूर्वी ती यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्यात आली. तिथं पाळकाचं शिक्षण घेऊन जो बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) होतो त्याच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचं नाव नसतं. तिथं नाव असतं सेरामपूर कॉलेजच्या सीनेटचं, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाचं. एवढ्या लांबच्या गावाला पदवी देण्याचा अधिकार कुणी दिला? उत्तर आहे डेन्मार्कच्या राजानं, २३ फेब्रुवारी १८२७ रोजी. म्हणजे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठांच्या तीस वर्षं आधी. आणि या अधिकारानं पहिली पदवी दिली गेली ती १९१५ मध्ये.

मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं हेच आपलं प्रकरण आहे. पदवी देण्याचा हक्क, तोही राजाच्या सहीचा, हाताशी असताना एखादी संस्था इतका काळ तो का वापरत नाही? आणि मग अचानक का वापरते? सेरामपूर हे भारतातलं पहिलं विद्यापीठ होतं की नाही यावर लोक हिरिरीनं वाद घालतात. मला त्या वादापेक्षा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खासगी ख्रिस्ती विद्यापीठ नावाची चीज कशी घडते, कुणाच्या मालकीची असते आणि कुणासाठी असते, हे सगळं त्यात सापडतं.

इंग्रजांच्या दारात, डॅनिश छपराखाली

विल्यम केरी हा इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायरचा जोडे शिवणारा कारागीर. पुढं बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचा उपदेशक झाला. १७९३ च्या नोव्हेंबरात तो कलकत्त्याला उतरला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्मावरून प्रजा बिथरली तर व्यापार बसेल ही भीती. केरीनं काही वर्षं मालदा भागात निळीच्या कारखान्यावर काम केलं. १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन, त्याची पत्नी हॅना आणि छपाईचा जाणकार विल्यम वॉर्ड हे नवे सोबती आले. कंपनीच्या मुलखात आपल्याला थारा नाही हे ओळखून ते थेट डॅनिश वसाहतीत उतरले. केरीही १० जानेवारी १८०० रोजी तिथं येऊन मिळाला.

सेरामपूर त्या वेळी डेन्मार्कचं होतं. कागदोपत्री नाव फ्रेडरिक्सनगर. १७५५ पासूनची ही छोटी वसाहत, आणि तिचा गव्हर्नर ओले बी यानं या लोकांना कंपनीच्या हवाली करायला साफ नकार दिला. नदीच्या पलीकडे बराकपूरला कंपनीच्या गव्हर्नर जनरलचा बंगला, अलीकडे हे मिशनरी. मध्ये फक्त हुगळीचं पात्र. पुढं पदवीची सनद कोपनहेगनहून आली याचं मूळ या भूगोलात आहे. इंग्रज असूनही यांना इंग्रज सत्तेकडे मागायची सोय नव्हती.

तिघांनी एकत्र कुटुंबासारखा संसार मांडला. मिळकत सगळी एका पेटीत. केरीला १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवायची नोकरी लागली. पगार महिना ५०० रुपये, पुढं १०००. त्यातला बहुतेक पैसा पेटीत जायचा. मार्शमन पतीपत्नी निवासी शाळा चालवायचे आणि या शाळांचं उत्पन्न मोठं होतं. हॅना मार्शमनचं नाव या इतिहासात नेहमी मागं पडतं, पण संस्थेच्या पायात तिची मेहनत आणि तिचा पैसा आहे. वॉर्डकडे छापखाना.

त्या छापखान्याशी आपलं मराठीचं नातं आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठीची गरज पडली आणि केरीकडे मराठी शिकवण्याचं कामही आलं. त्याच्या जोडीला होते पंडित वैजनाथ. १८०५ मध्ये सेरामपूरहून मराठीचं व्याकरण निघालं, सोबत रोजच्या व्यवहारातले संवाद जोडलेले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला. हा कोश आज चाळताना मराठी वाचणारा माणूस थबकतो, कारण त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. मोडी ही लेखणी न उचलता धावत लिहायची लिपी, दप्तराची आणि हिशेबाच्या वहीची. ती एकेका अक्षराच्या सुट्या खिळ्यांत पकडायची म्हणजे वाहत्या पाण्याला गाठी मारण्यासारखं काम. अक्षर अक्षराला चिकटत नाही, मधली जोड सुटते, तरी वळण मोडीचंच राहतं. महाराष्ट्राबाहेर, बंगाली कारागिरांनी हे जमवलं. पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांचं घराणं या ठशांच्या कामातलं. मराठीतलं ‘सिंहासनबत्तिशी’चं छापील पुस्तकही १८१४ मध्ये इथूनच निघालं.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी हा छापखाना पेटला. कागद, खिळे, हस्तलिखितं जळाली. केरीचा अनेक भाषांचा कोश कच्च्या स्वरूपात होता, तो गेला. राखेत वितळलेल्या शिशाचे गोळे सापडले आणि पोलादी ठसे बचावले होते, म्हणून नवे खिळे पाडून काम पुन्हा उभं राहिलं. सांगायचं ते हे की कॉलेज काढायच्या आधी या लोकांनी अठरा वर्षं भाषेचं आणि छपाईचं काम केलं होतं. इमारत नंतर आली.

१८१८ : काय काढायचं होतं?

१८१८ हे सेरामपूरचं भरभराटीचं वर्ष. एप्रिलमध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक, मे महिन्यात ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र, आणि ऑगस्टमध्ये कॉलेज. पहिल्या तुकडीत ३७ मुलं होती, ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही.

कॉलेजच्या जाहीर आराखड्यात उद्देश असा दिला होता : आशियातल्या ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवणं. यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. ‘आणि इतर’ हे दोन शब्द, ज्यांच्यामुळं हे कॉलेज निव्वळ पाळक घडवण्याची शाळा राहत नाही. आणि ‘पौर्वात्य वाङ्मय’, म्हणजे संस्कृतला पायाचं स्थान आणि शिकवण्याची भाषा लोकांची. इंग्रजी हवी, पण निवडक मुलांना आणि पुढच्या टप्प्यावर. नुसतं इंग्रजीत शिकलेला मुलगा आपल्या माणसांपासून तुटतो, मग त्यानं शिकलेलं त्याच्या गावाला काय उपयोगाचं, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब त्यांनी कृतीत आणला. केरीचा मुलगा फेलिक्स यानं शरीररचनाशास्त्रावर बंगालीत ग्रंथ लिहिला. १८२१ मध्ये आलेला स्कॉटिश अध्यापक जॉन मॅक रसायनशास्त्र शिकवायचा. त्याचं रसायनावरचं पुस्तक १८३४ मध्ये निघालं, इंग्रजी आणि बंगाली दोन्हींत. ऑक्सिजन-हायड्रोजनसारख्या गोष्टी बंगालीत कशा म्हणायच्या याची चर्चा त्या काळी त्या खोल्यांत होत होती. आपल्याकडे मराठीतून विज्ञान शिकवावं की नाही यावर आजही घसा कोरडा करणाऱ्यांनी हे पाहायला हवं. स्वतः केरी वनस्पतिशास्त्र शिकवायचा. सेरामपूरला त्याची मोठी बाग होती आणि १८२० मध्ये भारतातल्या कृषी-बागायत संस्थेची स्थापना त्याच्या पुढाकारानं झाली. त्याच वर्षी कागदाच्या गिरणीसाठी सेरामपूरला वाफेचं इंजिन आलं, आणि ते बघायला लोक लोटले.

या सगळ्याबरोबर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हे लोक धर्मांतरासाठीच आले होते आणि हिंदू चालीरीतींबद्दल त्यांचं लिखाण पुष्कळदा कठोर आणि एकतर्फी असे. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचं संकलन काढलं, त्यात चमत्कार आणि देवत्वाचा भाग गाळला. मार्शमननं त्यांच्यावर तिखट टीका केली. ज्या माणसाला आपल्या बाजूला आलेला पाहून आनंद व्हायला हवा होता, त्याच्याशीच हे लोक वाद घालत बसले. या संस्थेचा स्वभाव समजायचा तर ज्ञानाबद्दलची ही उदारता आणि श्रद्धेबद्दलचा हा ताठा दोन्ही एकाच घरात राहत होते, हे धरून चालावं लागतं.

सनद

१८२६ मध्ये मार्शमन युरोपला गेला आणि तिथून कोपनहेगनला राजा फ्रेडरिक सहावा याच्या भेटीला. सनद मिळाली ती या भेटीतून. तिनं सेरामपूर कॉलेजला कोपनहेगन आणि कील या डॅनिश राज्यातल्या विद्यापीठांसारखा पदव्या देण्याचा अधिकार दिला. पहिल्या परिषदेत तीन माणसं : केरी, मार्शमन आणि मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क. वॉर्ड १८२३ मध्येच गेला होता.

सनदेनंतर १२ जून १८३३ रोजी कॉलेजचे नियम ठरले. संस्थेचा स्वभाव मला सनदेपेक्षा या नियमांत जास्त स्पष्ट दिसतो. प्रवेशाबद्दल त्यात म्हटलं आहे की प्रॉटेस्टंट, रोमन कॅथलिक, ग्रीक, आर्मेनियन अशा कोणत्याही पंथाचा ख्रिस्ती येऊ शकतो. हिंदू आणि मुसलमान तरुणही शिकायला येऊ शकतात, त्यांच्या रीतिभातीमुळं वसतिगृहात राहणं जमत नसेल तर बाहेर राहून. आणि जात, वर्ण किंवा देश यांमुळं कुणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही. १८३३ मधलं हे वाक्य आहे. पुण्यात महात्मा फुल्यांच्या शाळा सुरू व्हायला अजून पंधरा वर्षं होती.

हे कागदी वाक्य नव्हतं. १८०३ मध्येच या मंडळीत, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समुदायात, बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मण तरुणाचं लग्न कृष्ण पाल या सुताराच्या मुलीशी लागलं होतं. कृष्ण पाल हा सेरामपूरचा पहिला बंगाली बाप्तिस्मा घेणारा. दक्षिणेतल्या जुन्या मिशनांमध्ये ख्रिस्ती झाल्यावरही जातीप्रमाणे वेगळं बसणं चालू राहिलं होतं. सेरामपूरनं पहिल्यापासून ते नाकारलं.

पण त्याच नियमांत परिषदेसाठी वेगळी अट आहे. कॉलेज चालवणाऱ्यांची ख्रिस्ताच्या देवत्वावर आणि प्रायश्चित्तावर श्रद्धा हवी. म्हणजे शिकायला कुणीही या, सुकाणू मात्र श्रद्धावंताच्या हातात. जगभरच्या खासगी ख्रिस्ती विद्यापीठांचा तिढा याच दोन कलमांमध्ये असतो. सुकाणू सैल सोडलं तर संस्था काही पिढ्यांत नावापुरती ख्रिस्ती उरते. दार बंद केलं तर ती पंथाची पाठशाळा होते. सेरामपूरनं दोन्ही कलमं एकाच कागदावर लिहिली आणि पुढच्या ऐंशी वर्षांत दोन्ही दिशांचे ताण सोसले.

मग पदवी का दिली नाही?

याचं एकच कारण देणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. मी कागदपत्रं आणि काळ यांची सांगड घालून लावलेला अर्थ मांडतो.

पहिली गोष्ट पैशाची. सनदेबरोबर राजानं मोठा निधी दिला नव्हता. कॉलेज चालायचं ते तिघांच्या कमाईवर. ज्या वर्षी सनद मिळाली त्याच १८२७ मध्ये सेरामपूरचे मिशनरी आणि इंग्लंडमधली त्यांची मूळ संस्था, बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी, यांची फारकत झाली. भांडणाचं मूळ मालमत्ता कुणाची हे होतं. सेरामपूरच्या लोकांचं म्हणणं, आम्ही स्वतः कमावून उभं केलं आहे, तिथं लंडनच्या समितीनं हुकूम चालवू नये. समितीतल्या नव्या माणसांना हे मिजासीचं वाटलं. त्यांना जुन्या तिघांचा प्रत्यक्ष परिचयही नव्हता. पाठोपाठ १८३० मध्ये पामर आणि कंपनी ही कलकत्त्याची मोठी पेढी बुडाली, मग इतर पेढ्या बुडाल्या, त्यात सेरामपूरचा पैसाही गेला. फोर्ट विल्यम कॉलेजातली अध्यापकपदं सरकारनं त्याच सुमारास रद्द केली आणि केरीचा पगार पेन्शनवर आला. ९ जून १८३४ रोजी तो वारला, मार्शमन १८३७ मध्ये. विद्यापीठ चालवायला लागणारे अध्यापकच नव्हते. वरच्या वर्गांचा भार मोठ्या प्रमाणावर एकट्या मॅकवर होता, आणि तोही १८४५ मध्ये पटकीनं गेला.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथं हे प्रकरण मला फार चुटपुट लावतं. १८३० मध्ये अलेक्झांडर डफनं कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची मिशन शाळा काढली. तिला मुलांची रांग लागली. १८३५ मध्ये सरकारी धोरण इंग्रजीच्या बाजूनं गेलं, १८४४ मध्ये सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना पसंती देण्याचं ठरलं. मुंबईत जॉन विल्सन यांची शाळाही १८३२ पासून त्याच वाटेवर वाढत गेली. पालकांनी काय करावं? मुलाला नोकरी हवी. संस्कृत, बंगाली आणि पाश्चात्त्य विज्ञान यांचा मेळ घालणारा सेरामपूरचा आराखडा चुकीचा होता म्हणून नव्हे, बाजारात त्याला भाव नव्हता म्हणून मागं पडला. अशा वेळी सेरामपूरनं बी.ए. दिली असती तर ती कुणी मानली असती?

तिसरी गोष्ट सत्तेची. डेन्मार्कला या वसाहती परवडेनाशा झाल्या. २२ फेब्रुवारी १८४५ च्या तहानं तमिळ किनाऱ्यावरचं त्रांकेबार आणि सेरामपूर साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकले गेले. त्या तहाचं सहावं कलम वाचण्यासारखं आहे. कॉलेजला राजाच्या सनदेनं मिळालेले हक्क तसेच राहतील, जणू ते ब्रिटिश सरकारनंच दिले आहेत, फक्त देशाचे सामान्य कायदे त्यांना लागू असतील. दोन राज्यांच्या खरेदी-विक्रीच्या कागदात एका कॉलेजासाठी अख्खं कलम पडलं. ते कलम नसतं तर १९१५ झालंच नसतं.

हक्क वाचला, पण बाळगणारे थकले. जॉन क्लार्क मार्शमननं कॉलेज शक्य तितकं ओढलं. १८५५-५६ मध्ये ते बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीकडे गेलं, ज्यांच्याशी त्याच्या बापाचं भांडण झालं होतं त्यांच्याकडेच. १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ आलं आणि सेरामपूर त्याला जोडलं गेलं. स्वतःची पदवी देण्याचा हक्क असलेली संस्था दुसऱ्याच्या परीक्षेला मुलं बसवू लागली. १८८३ मध्ये तेही थांबलं. वरचे वर्ग बंद झाले आणि ख्रिस्ती शिक्षक-उपदेशक घडवण्याचं काम तेवढं उरलं. ‘आणि इतर’ हे शब्द गळाले. हुगळीकडे तोंड करून उभी असलेली ती खांबांची भव्य इमारत, आतले ओतीव लोखंडाचे जिने, सगळं जागेवर होतं. मुलं कमी झाली होती.

या टप्प्याला पुष्कळ जण ‘ऱ्हास’ म्हणतात. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. मिशनच्या हाती मर्यादित पैसा होता आणि खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांना शिकलेली माणसं हवी होती. त्यांनी ती गरज भागवली. फक्त तसं करताना १८१८ ची कल्पना पडद्याआड गेली.

हक्क जागा झाला तो कशामुळं

१९०६-०७ च्या सुमारास जॉर्ज हॉवेल्स प्राचार्य म्हणून आला. वेल्समधला बॅप्टिस्ट, आधी कटकला काम केलेला. त्यानं जुनी सनद बाहेर काढली आणि लंडनच्या समितीला विचारलं की हा अधिकार का पडून आहे.

ऐंशी वर्षांत परिस्थिती पालटली होती. १८५७ च्या तीन विद्यापीठांत ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची (थिऑलॉजीची) शाखा नव्हती. सरकारी विद्यापीठं धर्मापासून अलग होती आणि ते योग्यच होतं. त्यामुळं भारतीय पाळकाला स्थानिक सेमिनरीचं प्रमाणपत्र मिळायचं, पदवी हवी तर परदेश गाठावा लागायचा. परिणाम असा की मिशनरी पदवीधर, त्यांच्या हाताखालचे भारतीय पाळक बिनपदवीचे. मंडळ्यांचा कारभार भारतीयांच्या हाती द्यायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या आणि त्यात ही उतरंड टोचू लागली होती. शिवाय बॅप्टिस्ट, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, लुथरन, केरळचे सीरियन ख्रिस्ती या सगळ्यांना स्वतंत्रपणे पदवी उभी करणं शक्य नव्हतं. एकत्र येता येईल अशी एक जागा हवी होती. १९१० मध्ये सेरामपूरला ईश्वरविज्ञानाचा वरचा विभाग सुरू झाला. १९११ मध्ये कला शाखा पुन्हा कलकत्ता विद्यापीठाला जोडली गेली. १९१५ मध्ये पहिल्या बी.डी. पदव्या दिल्या गेल्या.

मग १९१८ मध्ये, कॉलेजच्या शंभराव्या वर्षी, बंगालच्या विधिमंडळानं सेरामपूर कॉलेज कायदा केला. परिषद मोठी झाली आणि वेगवेगळ्या पंथांचे प्रतिनिधी असलेली सीनेट आली. ज्या कॉलेजच्या मालकीवरून बॅप्टिस्टांचं आपापसात फाटलं होतं, त्याच्या पदवीवर आता इतर पंथांचाही हक्क आला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हा आहे. हॉवेल्सला सनद आपल्या पंथाची ठेव म्हणून जपता आली असती. तसं केलं असतं तर ती बंगालपुरती राहिली असती.

मान मिळवायला सनद मागितली तेव्हा ती निजून राहिली, आणि खरोखरची गरज उभी राहिली तेव्हा चालू लागली, असा या प्रकरणाचा अर्थ मी लावतो. १८२७ मध्ये विद्यार्थ्याला सेरामपूरच्या पदवीचं काही करता येत नव्हतं. १९१५ मध्ये करता येत होतं. तहातलं सहावं कलम आणि हॉवेल्सची चिकाटी यांनी रस्ता दिला, पण चालणारी माणसं मंडळ्यांतून आली.

आजचं चित्र

आज सीनेट ऑफ सेरामपूर कॉलेज म्हणजे भारतात आणि शेजारच्या देशांत पसरलेल्या पन्नासाहून जास्त ईश्वरविज्ञान महाविद्यालयांची परीक्षा घेणारी संस्था. बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, चेन्नईचं गुरुकुल, जोरहाटचं इस्टर्न, ऐजॉलचं कॉलेज, कोट्टयमची ऑर्थोडॉक्स सेमिनरी, जबलपूरचं लेनर्ड. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी. पहिलं मराठी मोडी छापणाऱ्या गावचा आणि मराठी पाळकांचा धागा अजून तुटलेला नाही, हे पाहून मला समाधान वाटतं.

मूळ कॉलेजात कला, विज्ञान, वाणिज्य सगळं आहे. सर्व धर्मांची मुलं-मुली शिकतात, बहुसंख्य बिगरख्रिस्ती. त्यांची पदवी कलकत्ता विद्यापीठाची. त्याच आवारात ईश्वरविज्ञान शिकणाऱ्याची पदवी सेरामपूरची. १८१८ च्या आराखड्यात वाङ्मय, विज्ञान आणि धर्मविचार एका अभ्यासक्रमात गुंफलेले होते. आता ते शेजारी-शेजारी आहेत, पण वेगळ्या शिक्क्यांचे. कायद्यानं आणि व्यवहारानं हीच वाटणी सोयीची ठरली. तरी रसायन शिकणारा मुलगा आणि पाळक होऊ घातलेला मुलगा एकाच प्राध्यापकासमोर बसावेत, अशी जी जॉन मॅकच्या काळची कल्पना होती, ती त्या दोन शिक्क्यांच्या मध्ये हरवली, असं मला वाटतं.

भाषेचंही तसंच. पदवीचं शिक्षण आज मुख्यतः इंग्रजीतून होतं. बी.डी. होऊन विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मंडळीत गेलेल्या पाळकाला रविवारी मराठीतच बोलायचं असतं. चार वर्षं इंग्रजीत वाचलेलं त्याला दर आठवड्याला पुन्हा स्वतःच्या शब्दांत घडवावं लागतं. कोशातला शब्द पुरत नाही, शेजारच्या आजीला कळेल असा शब्द हवा असतो. केरी आणि वैजनाथ पंडित समोरासमोर बसून एकेका मराठी शब्दाचा अर्थ लावत होते, तेच काम तो पाळक शनिवारी रात्री एकटा करतो.